आधी गट, मग गोळी

राजगडाच्या पायथ्याला पाल खुर्द गावात सईबाईंची समाधी आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला आणि त्या बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती पुन्हा सावरली नाही. बाळाला आईचे दूध पुरेना, म्हणून कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांना दूधआई म्हणून आणले गेले. सप्टेंबर १६५९ मध्ये सईबाई राजगडावर वारल्या. पाल वेल्हे (आता राजगड) तालुक्यात आहे, कापूरहोळ भोरमध्ये. या मुलखाचा इतिहास आपण तोरणा, राजगड, रोहिडा अशा गडांच्या नावांनी वाचत आलो. पण बाळंतपणाने खंगत गेलेली एक राणी आणि तिच्या लेकराला अंगावर पाजणारी दुसऱ्या गावची एक बाई, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. घरात सत्ता होती, वैद्य होते, माणसे होती, तरी बाईचा जीव वाचला नाही. आणि बाळापुरते तरी निभावले ते दुसऱ्या बाईमुळे. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत स्त्रियांना आणि मुलींना आरोग्य शिकवण्याचे जे प्रयत्न स्वातंत्र्यानंतर झाले, त्यांचे यशापयश याच कसोटीवर तपासावे असे मला वाटते. बाईला माहिती किती दिली, हे मोजत बसण्यात आपण फार वर्षे घालवली. ती माहिती वापरायचे ठरवताना तिच्या बाजूला कोण होते, हे क्वचितच विचारले. माझे म्हणणे असे, की या डोंगरी भागात बायकांचे आरोग्याचे वागणे जिथे बदलले तिथे आधी बायकांची एकत्र बसण्याची जागा तयार झाली आणि संदेश त्यानंतर पोचला. हा क्रम उलटा केला, की रक्तवाढीच्या गोळ्या पत्र्याच्या डब्यात पडून राहतात.

सरकारी आरोग्यशिक्षण येण्याआधी इथे अज्ञानाची पोकळी होती, असे समजणे चुकीचे आहे. सुईण होती, सासू होती, पाचवीची पूजा होती, शेक-शेगडी, काढा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू होते. पहिलटकरणीला काय खायला द्यायचे, मूल आडवे आले तर काय करायचे, दूध येत नसेल तर कोणाला बोलवायचे, हे सगळे बायकाच बायकांना शिकवत होत्या आणि तेही पाहून, हात लावून, सोबत राहून. शिकवण्याची पद्धत म्हणून ही आजच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा परिणामकारक होती. तिच्यातून जे शिकवले जाई त्यातले काही मात्र जीवघेणे होते. पहिला चीक पिळून टाकायचा, बाळंतिणीला पाणी बेताने द्यायचे, नाळ हाताशी असेल त्या पात्याने कापायची, कावळा शिवला की चार दिवस बाजूला बसायचे आणि त्या दिवसांचे कापड कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा अंधाऱ्या, दमट कोपऱ्यात वाळवायचे. एका रूढीत चांगले आणि घातक असे एकमेकांत मिसळलेले असते. बाहेरून आलेल्या आरोग्यशिक्षकाने घातक भाग तेवढा पाहिला आणि शिकवण्याची सारी व्यवस्थाच अडाणी ठरवली. पहिली चूक तिथे झाली.

भोर संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच्या दोन वर्षे आधी जोसेफ भोर यांच्या समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना देशापुढे मांडली होती. पुढे केंद्रे आली, नर्सबाई आल्या, १९५२ पासून कुटुंबनियोजन आले. १९७० मध्ये गरोदर बायका आणि मुलांना लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९७५ मध्ये अंगणवाडीची योजना. यातली प्रत्येक गोष्ट गरजेची होती. पण सगळ्यांमागचा समज एकच: लोकांना ठाऊक नाही म्हणून ते करत नाहीत, सांगितले की करतील, आणि नाहीच केले तर उद्दिष्ट लावून करवून घेऊ. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते अमलात आले नाही, पण त्या काळात सरकारी आरोग्य कर्मचारी म्हणजे ‘केस’ शोधणारा माणूस, ही ओळख गावोगाव पक्की झाली. उद्दिष्टांची ती पद्धत अधिकृतपणे बंद व्हायला १९९६ साल उजाडले. ज्या बाईने नर्सबाईला आधी शस्त्रक्रियेचा आकडा पुरा करताना पाहिले, तिने त्याच नर्सबाईने दिलेली रक्तवाढीची गोळी निःशंकपणे घ्यावी, ही अपेक्षा फार मोठी होती. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, पोटातले बाळ फार मोठे होऊन बाळंतपण अवघड जाते, अशा शंका होत्याच. त्या मोकळेपणाने विचारायला जागा नव्हती. गोळ्यांचा कार्यक्रम सुरू होऊन पन्नास वर्षे झाल्यावर, २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, स्त्रियांचे रक्त कमी आढळले. आधीच्या फेरीत तो आकडा ४८ टक्के होता.

त्यात या दोन तालुक्यांची घडण वेगळी. वेल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत जेमतेम ५४ हजार आणि तीही डोंगरउतारावरच्या वाड्यावस्त्यांत विखुरलेली. एका बाजूला भाटघर, दुसऱ्या बाजूला पानशेत आणि वरसगाव. या धरणांचे पाणी खाली शहरांना आणि बागायतीला जाते. काठावरच्या बायकांच्या वाट्याला लांबलेले रस्ते आणि उन्हाळ्यात डोक्यावरचे हंडे येतात. पुरुष कामधंद्याला पुण्या-मुंबईला, घरी म्हातारी माणसे, मुले आणि सारी शेती सांभाळणारी बाई. जून-जुलैत आवणी (भातलावणी) सुरू झाली की ती दिवसभर चिखलात वाकून उभी असते, अंगावरचे इरले गळत असते. अशा ठिकाणी पुण्यात छापलेला तक्ता सांगतो, की मासिक पाळीचे कापड स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवा. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. पण तोरण्याच्या पायथ्याला आषाढात आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही, आणि पडले तरी चारचौघांत ते कापड दोरीवर टाकण्याची मुभा तिला कुणी दिलेली नसते. तिथे माहिती पोचलेली असते. अडते ते हवामानापाशी, लाजेपाशी आणि घरातल्या अधिकारापाशी.

माहिती आणि वर्तन यांच्यातली ही दरी जगात इतरत्रही लोकांनी ओळखली होती आणि तिच्यातूनच वर्तनाचे सिद्धांत निघाले. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेपुढे प्रश्न होता, की क्षयरोगाची क्ष-किरण तपासणी फुकट आणि अगदी दाराशी आणून ठेवली तरी लोक का येत नाहीत. हॉचबॉम, रोझेनस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर शोधताना जी मांडणी केली ती आरोग्य-श्रद्धा प्रारूप म्हणून ओळखली जाते. हा आजार मला होऊ शकतो, तो गंभीर आहे, उपायाचा फायदा आहे आणि आड येणाऱ्या अडचणी त्या मानाने लहान आहेत, असे माणसाला वाटले तर तो पाऊल उचलतो. पुढे १९७७ मध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी त्यात मोलाची भर घातली. पटले तरी पुरत नाही. ‘हे मला जमेल’ असा विश्वास लागतो. तो विश्वास सर्वांत जास्त येतो स्वतः काही करून दाखवल्याने, मग आपल्यासारख्याच कुणाला ते जमलेले पाहून, आणि उपदेशाने सर्वांत कमी. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो या दोन्हींआधीचा, दुसऱ्या महायुद्धातला कर्ट लेविन यांचा प्रयोग. चांगले मांस सैन्याला जात होते, म्हणून गृहिणींनी काळीज, मूत्रपिंड असे भाग रांधावेत, अशी सरकारची इच्छा होती. काही गटांना आहारतज्ज्ञाने उत्तम व्याख्यान दिले. काही गटांत बायकांनी आपसात चर्चा केली, अडचणी बोलून दाखवल्या आणि शेवटी हात वर करून ठरवले. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी, आणि एकत्र ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के बायकांनी पूर्वी कधी न केलेला पदार्थ घरी केला होता. माहिती दोघींना सारखीच मिळाली होती. एका ठिकाणी बाईने ऐकले, दुसऱ्या ठिकाणी शेजारणीसमोर ठरवले.

हा प्रयोग समोर ठेवून नव्वदच्या दशकातल्या भोर-वेल्ह्याकडे पाहिले, की तिथे घडलेल्या गोष्टीचा अर्थ नीट लागतो. नाबार्डने १९९२ मध्ये देशभरात ५०० बचत गटांपासून बँकजोडणीचा प्रयोग सुरू केला आणि त्याच दशकात ज्ञान प्रबोधिनीच्या स्त्रीशक्ती प्रबोधनाच्या कार्यकर्त्या या खोऱ्यांत गट बांधू लागल्या. प्रबोधिनी ही १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी पुण्यात स्थापन केलेली शिक्षणसंस्था. सुवर्णा गोखले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तिचे ग्रामीण स्त्रियांचे काम वर्षानुवर्षे चिकाटीने चालवले आहे. गटाचा उघड हेतू आर्थिक होता. महिन्याच्या महिन्याला ठरावीक बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, उशीर झाला तर दंड. परंतु बांडुरांनी सांगितलेल्या विश्वासाची शाळा म्हणून याहून चांगली सोय कुठल्या तज्ज्ञालाही सुचली नसती. ज्या बाईने कधी बँकेची पायरी चढली नव्हती ती स्वतःची सही करून पैसे काढते, हिशेबाचे पुस्तक वाचून दाखवायला लावते, दुसरीला कर्ज द्यायचे की नाही यावर मत देते. महिन्यातून एकदा घराबाहेर दोन तास बसण्याचे तिला घरच्यांनाही पटेल असे कारण मिळते. आणि बैठकीत कर्जाचे कारण सांगावेच लागते. बचत गटांच्या अंतर्गत कर्जांत बी-बियाणे आणि शाळेच्या खर्चासोबत आजारपण हे कारण नेहमीच आघाडीवर राहिले आहे. कर्ज कशाला हवे, या प्रश्नाच्या उत्तरातून अंगावरून जाणे, पिशवीचा त्रास, तिसऱ्यांदा गळलेला गर्भ असले विषय प्रथमच पाच-दहा बायकांसमोर आले. आरोग्याचा वर्ग कुणी भरवण्याआधीच तो भरलेला होता.

बायका किती काळ गप्प होत्या याचा पुरावा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाहून मिळतो. गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. या बायकांना आपल्याला काय होते हे ठाऊक होते, त्या दुखण्यांना त्यांच्याकडे नावेही होती. बोलायची सोय नव्हती. १९७० पासून जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि कित्येक दलित, बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केले, तेव्हा त्यांच्याही अनुभवात औषधांआधी बाईचा आत्मविश्वास आला. शहरात र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांच्याइतके धैर्य दाखवणारे थोडेच. पण छापील शब्दाची वाट वाचता येणाऱ्या, एकांतात वाचायची मोकळीक असलेल्या माणसापर्यंतच जाते. भोरच्या वेळवंड खोऱ्यातल्या सुनेपर्यंत पोचण्याची ती वाट नव्हती.

मुलींच्या बाबतीत हा मुद्दा आणखी टोकदार होतो, कारण मुलीच्या हाती ना पैसा असतो ना निर्णय. पाळी येण्याच्या वयात वाडीवरच्या मुलीची शाळा लांब पडते आणि सातवी-आठवीनंतर लग्नाची बोलणी सुरू होतात. तिला ‘लवकर लग्न करू नकोस’ असे शिकवणे म्हणजे जो निर्णय तिचा नाही त्याची जबाबदारी तिच्यावर टाकणे. म्हणून आरोग्यशिक्षण मुलींसाठी तेव्हाच खरे ठरते जेव्हा ते तिच्या दिवसाची रचना बदलते. वेल्ह्यासारख्या ठिकाणी मुलींच्या निवासाची सोय झाली, की शाळा सुटण्याचे एक मोठे कारण जाते. लग्न आपोआप पुढे ढकलले जाते. पाळीबद्दल विचारायला वर्गाबाहेरची एखादी ताई आणि बरोबरीच्या दहा मुली मिळतात. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात पाचोडच्या संस्थेने अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा, रोज संध्याकाळी एक तास भरणारा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला. काही वर्षांत त्या गावांत मुलींच्या लग्नाचे मधले वय १६ वरून १७ झाले. एक वर्ष कमी वाटेल. त्या एका वर्षात मुलीची उंची वाढते, शाळेची एक इयत्ता होते आणि पहिले बाळंतपण पुढे जाते. या वर्गात मुलींसोबत पालकांनाही गुंतवले होते, हे विसरता कामा नये.

या मांडणीवर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की बदल वर्तनामुळे झालाच नाही, सोयींमुळे झाला. रस्ते झाले, २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आणि आशाताई आल्या, २०१४ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका आली, म्हणून बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. गटांना श्रेय कशाला? सोयींचे श्रेय मी जराही कमी करत नाही. ज्या वाडीतून बाळंतिणीला झोळीत घालून चिखलातून डांबरीपर्यंत आणावे लागते, तिथे कुठलाही सिद्धांत रस्त्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु झारखंड-ओडिशात एकजुट संस्थेने केलेली चाचणी या आक्षेपाला नेमके उत्तर देते. तिथे बायकांचे गट महिन्याला जमून आपल्या भागातल्या बाळंतपणाच्या अडचणी स्वतः ठरवत आणि उपायही स्वतः शोधत. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू गट नसलेल्या भागाच्या तुलनेत ३२ टक्क्यांनी कमी आढळले, आणि दवाखान्यात जाण्याचे प्रमाण मात्र फारसे बदलले नव्हते. घरातल्या बाळंतपणात हात धुणे, नाळ स्वच्छ कापणे, बाळाला फक्त अंगावरचे दूध देणे, एवढ्याने फरक पडला. बांगलादेशात असाच प्रयोग आधी फसला, कारण लोकसंख्येच्या मानाने गट फारच थोडे होते. गटांची संख्या कित्येक पटींनी वाढवल्यावर तिथेही बाळे वाचू लागली. २०१३ मध्ये चार देशांतल्या सात चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. जिथे गरोदर बायकांपैकी निदान ३० टक्के गटात येत होत्या, तिथे मातामृत्यू सुमारे निम्म्याने कमी झाले होते. वेल्ह्याच्या विखुरलेल्या वस्तीला हा आकडा लागू करून पाहिला पाहिजे. तालुक्यात गट आहेत, एवढे समाधान पुरेसे नाही. गरोदर सून गटात येते का, की तिच्या वतीने सासूच बचत भरते, हा प्रश्न आहे. सासू गटात असणे मात्र वाईट नाही. जेवण कोणी आधी करायचे, भाकरीबरोबर भाजीचा वाटा कोणाला, जेवणावर लगेच चहा प्यायचा की नाही, हे ती ठरवते. आणि दहा सासवांसमोर तिने हात वर केला तर सुनेच्या ताटात फरक पडतो.

दुसरा आक्षेप स्त्रीवादी विचारातून येतो आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. वर्तन बदला म्हणताना आपण पुन्हा बाईलाच सुधारायला निघतो. कमी मजुरी, जास्त कष्ट, पाण्याचा हंडा, नवऱ्याचे व्यसन, हे सगळे तसेच ठेवायचे आणि तिने मात्र हिरव्या पालेभाज्या खाव्यात, गोळी घ्यावी, बैठकीला यावे. महाराष्ट्रात कुटुंबनियोजनाचा भार जवळजवळ सगळा बायकांनी उचलला; २०१९ ते २०२१ च्या त्याच सर्वेक्षणात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती, आणि पुरुषांची नसबंदी अर्धा टक्काही नव्हती. ही नुसती आरोग्याची आकडेवारी नाही, हा सरळ अन्याय आहे, आणि आरोग्यशिक्षणाने तो घडवायला मदत केली हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच वर्तनाचे सिद्धांत एकट्या बाईच्या मनात काय आहे इतक्यापुरते वापरले तर ते इथे निरुपयोगीच नव्हे, हानिकारकही ठरतात. अडचण बाईच्या श्रद्धेत नसून धरणाच्या काठाला असेल, तर ती श्रद्धा बदलून पाणी येणार नाही. पण गटात ठरवणे आणि एकटीने पटवून घेणे यांत हाच फरक आहे. एकटीला आपले दुखणे नशिबाचे वाटते. वीस जणींना तेच दुखणे असल्याचे कळले, की त्या ग्रामसभेत नळ मागतात, दारूच्या दुकानाविरुद्ध उभ्या राहतात, नर्सबाई का आली नाही हे विचारतात. वर्तन मग बाईचेच बदलत नाही; पंचायतीचे आणि दवाखान्याचेही बदलावे लागते.

सध्याची दिशा पाहता काळजी वाटते. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नतीच्या ‘उमेद’ अभियानाने गटांची संख्या वाढवली. २०१८ मध्ये अस्मिता योजनेत गटांमार्फत मुलींना सवलतीत सॅनिटरी पॅड देण्याची सोय झाली. पण सरकारच्या आणि कित्येक संस्थांच्या लेखी गट म्हणजे संदेश आणि वस्तू पोचवण्याची तयार साखळी होत चालली आहे. बैठकीत एका महिन्यात पोषण, दुसऱ्यात लसीकरण, तिसऱ्यात स्वच्छता, असे विषय वरून ठरून येतात आणि बायका सही करून उठतात. म्हणजे लेविन यांच्या प्रयोगातले व्याख्यानच पुन्हा, फक्त जागा गटाची. पॅड मिळाले पण ते टाकायचे कुठे, ओढ्यात की जाळायचे, हे त्या वाडीतल्या मुलींनी एकत्र बसून ठरवले नाही, तर अशी योजनाही कोपऱ्यातल्या दमट कापडाइतकीच लपवायची गोष्ट होऊन बसेल. दोन्ही तालुक्यांच्या पंचायत समित्यांनी पुढचा आरोग्य-प्रबोधनाचा आराखडा करताना तक्ते आणि पत्रके छापण्याआधी वाडीवार यादी मागवावी: कोणत्या वाडीत एकही गट नाही, कोणत्या गटात एकही गरोदर बाई किंवा किशोरी नाही, आणि मागच्या सहा महिन्यांत कोणत्या गटाने आरोग्याचा एक तरी निर्णय स्वतः घेतला. आवणीच्या दिवसांत बैठक कधी घ्यायची, हेही गटांनाच ठरवू द्यावे.